कोकणातल्या जुन्या घराची कौलं उतरवून स्लॅब टाकावा का?

पडवी
आमचं घर गुहागर तालुक्यात. पणजोबांनी बांधलेलं, जांभ्या चिऱ्याचं. चिरे मातीत बसवलेले, वर मंगलोरी कौलं. यंदा गणपतीत सगळे चुलतभाऊ ओटीवर बसले आणि ठरवून मोकळे झाले: दिवाळीनंतर कौलं उतरवायची, भिंती आहेत तशाच ठेवायच्या आणि वर स्लॅब ओतायचा. विरोधात मी एकटा.

मागच्या पाख्यातले, म्हणजे छपराच्या मागच्या उताराचे, सात वासे वाळवीने पोखरलेत, हे खरं. पण आढं, तुळया आणि पुढचं पाखं ठणठणीत आहे. लाकूड ऐनाचं आणि फणसाचं, आज शोधूनही तसं मिळणार नाही. सात वासे आणि सगळ्या रिपा बदलल्या की काम झालं, असं सुतार म्हणतो. कौलारू माजघरात मे महिन्याच्या दुपारी माणूस झोपू शकतो. स्लॅब दिवसभर तापतो आणि ती धग रात्री दोनपर्यंत खाली सोडत राहतो. त्यात आपल्याकडचा पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात किंवा त्याहून जास्त. उतरत्या छपरावरचं पाणी निघून जातं, सपाट छपरावर ते उभं राहतं. आमच्या वाडीत स्लॅबची नऊ घरं आहेत आणि त्यातल्या सहांवर आता पत्र्याची शेड चढली आहे. म्हणजे स्लॅबचे पैसे घालून शेवटी उतरतं छप्पर करावं लागलंच. मग आहे तेच का मोडायचं?

ज्यांनी यातलं काही केलंय त्यांनी लिहा. भावांना वाचून दाखवणार आहे.

बारमाही
दादा, रागावू नका, पण तुम्ही गावी किती दिवस असता? गणपतीचे आठ आणि मे महिन्यातले पंधरा?

मी लग्न होऊन बावीस वर्षं रत्नागिरीजवळच्या गावात कौलारू घरात राहते. दर मे महिन्यात शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून, साफ करून पुन्हा नीट बसवणं. पूर्वी वाडीतले चौघे-पाच जण एकमेकांच्या घरावर चढून ती उरकायचे. आता कौलांवर चढणारा माणूस गावात एकच उरलाय, तोही साठीचा. त्याची वाट बघता बघता मिरग लागतो. वानरांची टोळी आली की एका उडीत सहा-सात कौलं जातात. गेल्या वर्षी रात्री दीड वाजता सासूबाईंच्या अंथरुणावर धार लागली. यजमान बोटीवर. ताडपत्री घेऊन भर पावसात शिडीवर मी चढले.

फुटलेल्या कौलाच्या जागी दुसरं घालावं तर तेही सोपं नाही. जुन्या कारखान्याचं कौल आता मिळत नाही आणि नव्याची खाच जुन्यात बसत नाही. एक कौल बदललं की शेजारची दोन उचलली जातात आणि नवी फट पडते.

घराचा जीव मलाही आहे. पण छप्पर कसलं असावं हे त्याखाली पावसाळा काढणाऱ्या माणसाने ठरवावं. माझं मत स्लॅबला.

लेव्हलपट्टी
मी सिव्हिल इंजिनिअर आहे, चिपळूणला काम करतो. कौल की स्लॅब हे बाजूला ठेवा. तुमच्या भावांच्या बेतातला खरा धोका “भिंती आहेत तशाच ठेवून” या शब्दांत आहे.

साधा हिशोब. पाच इंची, म्हणजे १२५ मिलिमीटर स्लॅबचं नुसतं स्वतःचं वजन दर चौरस मीटरला ३१० किलोच्या वर जातं. मंगलोरी कौलं रिपांसकट साधारण ६५ किलो. तुमची दहा बाय पंधराची खोली धरली तर आज भिंतींवर टनभराच्या आत ओझं आहे, उद्या ते सव्वाचार टनांवर जाईल. त्यावर वॉटरप्रूफिंग, पाण्याची टाकी, माणसं वेगळी. मातीत बसवलेला चिरा हे ओझं काही वर्षं पेलतोही, म्हणूनच लोक फसतात. पायाशी पाणी मुरून दर्जेतली, म्हणजे चिऱ्यांच्या सांध्यांतली, माती सैल झाली की भिंत पोट काढते. आणि आपण कोयनेच्या शेजारी राहतो. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप वडीलधाऱ्यांना विचारा. जमीन हलते तेव्हा वरचं वजन जितकं जास्त तितका भिंतीला बसणारा आडवा धक्का जास्त. चिऱ्याच्या भिंतीला उभं वजन सोसतं, आडवा धक्का सोसत नाही.

स्लॅबच हवा असेल तर स्वतंत्र फुटिंग, कॉलम, बीम घ्या आणि जुन्या भिंती नुसत्या आडोशाला ठेवा. पण मग तो खर्च जवळपास नव्या घराचा होतो, हे भावांना आधीच सांगा. अर्ध्यावर पैसे संपलेली घरं मी बरीच पाहिलीत. उघड्या सळया तीन-तीन पावसाळे गंजत असतात आणि पुढचं काम मग त्याच गंजलेल्या सळयांवर चढतं.

देवगडवाला
२०११ साली आम्ही कौलं काढून स्लॅब केला, रीतसर कॉलम घेऊन. पाचव्या पावसाळ्यात खालून ओल, सातव्या वर्षी स्वयंपाकघरात आईच्या पुढ्यात पोपडा पडला. आत सळई गंजून फुगलेली. समुद्र घरापासून अर्ध्या किलोमीटरवर आणि ठेकेदाराने वाळू खाडीची वापरली होती, न धुतलेली. मिठाचं पाणी आत मुरलं की सळई गंजते, फुगते आणि काँक्रीट फोडते. वासा किडला तर तो एक वासा काढून दुसरा घालता येतो. स्लॅब आतून सडला तर काय काढणार? आज त्यावर पत्रा आहे आणि खालून दर दोन-तीन वर्षांनी प्लास्टर.

पडवी, तुमचं बरोबर आहे. हात लावू नका.

ओळंबा
तीस वर्षं सेंट्रिंग आणि स्लॅबची कामं करतोय, म्हणून हे मनाला लागलं. देवगडच्या भाऊंचा स्लॅब समुद्राने नाही बिघडवला, करणाऱ्याने बिघडवला. किनाऱ्याला चांगला स्लॅब होतो, पण मालकाने त्या दिवशी तिथं उभं राहावं लागतं.

काय बघायचं ते सांगतो. ५० किलोच्या गोणीला २५ ते ३० लिटर पाणी, त्यावर नाही. माल सैल झाला की ओढायला सोपा पडतो, म्हणून कामगार बादली ओततात. तिथंच स्लॅब मरतो. सळई फळ्यांना टेकू नये म्हणून तिच्याखाली सिमेंटचे छोटे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक हवेत, दगडाच्या चिपा चालणार नाहीत. व्हायब्रेटर आणि तो बंद पडला तर दुसरा, दोन्ही आधी हजर पाहिजेत. वरून पाणी निघायला ओतानाच उतार द्यायचा. नंतर कोब्याने उतार काढू म्हणणाऱ्याला काम देऊ नका. मग आळी बांधून किमान दहा दिवस पाणी साठवायचं, चौदा केले तर उत्तम. हल्लीच्या राखमिश्रित सिमेंटला हे जास्तच लागतं. आणि टेकू घाईने काढायचे नाहीत. गाळा १५ फुटांच्या आत असेल तर निदान सात दिवस, मोठा असेल तर चौदा.

आमच्याकडे सगळ्यांना पाऊस यायच्या आत उरकायचं असतं. २५ मेला स्लॅब पडतो आणि १ जूनला आत फरशीचा माणूस पाहिजे. दिवाळीनंतर सुरू करणार असाल तर वेळ भरपूर आहे. बेत चांगला आहे, स्लॅबला घाबरू नका.

श्रीवर्धनची लेक
एक गोष्ट कोणीच बोललं नाही. ३ जून २०२०, निसर्ग वादळ. माझं माहेर श्रीवर्धन तालुक्यात. दुपारी वारा असा आला की पुढच्या पाख्याची कौलं पत्त्यांसारखी उडाली, मग रिपा सुटल्या, मग माड पडून आढंच मोडलं. आई, वडील, काकू आणि दोन वासरं मागच्या न्हाणीघरात होती. सगळ्या घरात तेवढाच आठ बाय सहाचा स्लॅब. चार तास तिथे उभी राहिली सगळी. शेजारच्या पत्र्यांचंही तेच झालं, पत्रे उडून दुसऱ्यांच्या बागांत पडले. नंतर कितीतरी दिवस वीज नाही, कौलं नाहीत, ताडपत्रीलाही रांग.

मला कौलं आवडतात. पण माझ्या वडिलांना पुन्हा तसं उभं राहायला लावणार नाही. स्लॅबची निदान एक खोली हवीच.

पडवी
ताई, हे वाचून गप्प झालो. एक खोली, हे पटलं. मागची मोरी आणि कोठार पाडून तिथे स्वतंत्र कॉलमवर स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आणि एक झोपायची खोली स्लॅबची घेता येईल. मूळ घर कौलारूच ठेवायचं. लेव्हलपट्टी, हे बसेल का?

बारमाहींना: मी चढत नाही आणि तुम्ही चढता, यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण वासे बदलतानाच कौलांखाली पत्रा घातला तर? कौल फुटलं तरी पाणी पत्र्यावरून निघून जाईल आणि दुरुस्ती उजाडल्यावर करता येईल.

लेव्हलपट्टी
बसेल, पण सांध्यात मार खाल. जुन्या कौलांचं पाणी नव्या स्लॅबच्या भिंतीवर येईल अशी रचना केलीत, तर मधली पन्हळ पानांनी तुंबणार आणि पहिल्याच आषाढात दोन्ही घरं गळणार. स्लॅब कौलांच्या पागोळीपेक्षा खाली ठेवा, कौलांचा शेवट स्लॅबवर दीड-दोन फूट पुढे येऊ द्या आणि स्लॅबचा उतार घरापासून बाहेर काढा. उंची कमी पडत असेल तर नवा भाग सरळ सुटा बांधा, मध्ये चार फुटांची पाखाडी. मला सुटाच आवडेल. नवी आणि जुनी भिंत एकमेकींत गुंतवू नका. दोन्हींचा पाया वेगळा खचतो आणि तडा जातोच.

पत्रा घालणार असाल तर पत्रा आणि कौल यांच्यात हवा खेळायला दोन-तीन इंच मोकळे ठेवा, नाहीतर कौलांचा गारवा गेला. समुद्राजवळ साधा पत्रा टिकत नाही, ॲल्युमिनियमचा बघा. पागोळीजवळची आणि आढ्याजवळची कौलं तारेने बांधून घ्या. वारा पहिला तिथेच शिरतो.

देवगडवाला
वाशांऐवजी लोखंडी पाइपांचा सांगाडा घ्यायला सांगतील, घेऊ नका. खाऱ्या हवेत वेल्डिंगचे सांधे आधी जातात.

ओळंबा
रेड ऑक्साइड मारून रंग देत राहिलं तर वीस वर्षं कुठं जात नाहीत. लाकडाला वाळवी, लोखंडाला गंज, काहीतरी सांभाळावंच लागणार.

बारमाही
पत्र्याचं पटलं. रात्रीची धार थांबली तर माझी निम्मी तक्रार गेली. निम्मीच. तरी शाकारणी, आढ्यावरचे कोने सरकणं, पत्र्यावर साठलेला पाला हे कुणाला तरी करावंच लागेल.

आणि दादा, घर अजून पणजोबांच्या किंवा आजोबांच्या नावावर असेल, तर कुदळ मारण्याआधी ग्रामपंचायतीतून नमुना ८ चा उतारा काढा, सगळ्या वारसांची लेखी संमती घ्या आणि मग बांधकामाची परवानगी. आमच्या दिरांचं जोत्यापर्यंत आलेलं काम पुण्यातल्या एका चुलत्याच्या हरकतीवरून दोन वर्षं थांबलं होतं. चिरे अंगणात शेवाळत पडले.

स्लॅबच्या खोलीचे पैसे सगळे भाऊ मिळून काढाल. दर मे महिन्यात कौलांवर चढणाऱ्या माणसाचे कोण देणार, तेही त्याच बैठकीत लिहून घ्या.

पडवी
ते मी देईन. रविवारी भावांना हा सगळा धागा वाचून दाखवतो.