सॉकेटला पिन कळते, वीज नाही

रेडिओ एरवी अडॅप्टरवर आणि वीज गेली की आपोआप सेलवर चालावा, म्हणून दोघांच्या वाटेत एकेक डायोड (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) लावा असं सांगतात. हा सल्ला बरोबर आहे. फक्त साधा १एन४००७ डायोड लावू नका. तो ०.७ व्होल्टच्या आसपास खातो. तीन सेलच्या ४.५ व्होल्टमधून तेवढे गेले की सेलमध्ये जीव असतानाच रेडिओ घोगरा होतो. १एन५८१९ हा शॉट्की जातीचा (कमी व्होल्ट खाणारा) डायोड घ्या, त्यात ०.३च्या आसपास भागतं. पुण्यात तपकीर गल्लीत सहज मिळेल.

'डायोड कशाला, अडॅप्टरच्या पिनसाठी तीन पायांचं सॉकेट पुरे' असंही काही जण म्हणतात, ते मात्र अर्धंच खरं. पिन आत गेली की तिसऱ्या पायाचा संपर्क सुटतो आणि सेल बाजूला पडतात. पण भिंतीत वीज आहे की नाही, हे त्या सॉकेटला काय कळणार? आमच्याकडे एका गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज गेली आणि आईचा रेडिओ गप्प. आत नवे कोरे सेल! मी अर्धा तास सेलच्या पट्ट्या घासत बसलो. शेवटी आईनेच वैतागून पिन उपटली आणि रेडिओ बोलायला लागला. (हे ती अजून पाहुण्यांना सांगते.) मग डायोड टाकले.

सॉकेटच वापरणार असाल तर एक बघा: तो सुटणारा पाय बहुतेक वेळा पिनच्या बाहेरच्या नळीकडचा असतो. म्हणजे पिनचा मधला भाग प्लस असेल तर सेलचा मायनस तिथून न्यावा लागतो, प्लस नाही. जुन्या रेडिओत मधला मायनसही सापडतो, त्यामुळे आधी मल्टिमीटर लावून बघा.