१९४१चं बेस्ट पिक्चरचं ऑस्कर 'सिटिझन केन'ला का दिलं नाही?

सातरस्ता_सिनेमा:
काल 'सिटिझन केन' परत बघितला आणि लै राग आला राव. ९ नॉमिनेशनं आणि मिळालं काय तर नुसतं पटकथेचं, तेही दिग्दर्शक ऑर्सन वेल्स आणि सहलेखक मँकिएविझ दोघांत मिळून. बेस्ट पिक्चर नेलं जॉन फोर्डच्या 'हाऊ ग्रीन वॉज माय व्हॅली'नं. केनमधला तो बर्फातला सीन आठवा की, आत आई कागदावर सही करून पोराला परक्याच्या हवाली करतेय आणि मागं खिडकीतनं ते पोरगं बर्फात खेळताना दिसतंय, एवढंसं पण एकदम स्पष्ट, त्याला पत्ताच नाही आत काय चाललंय. पंचविशीतल्या वेल्सचा हा पहिला मोठा पिक्चर! ज्याच्यावरनं केन बेतलाय म्हणतेत त्या पेपरमालक हर्स्टच्या पेपरांनी तर जाहिरातसुद्धा छापली नाही, मला वाटतं तिथंच घात झाला.

जुनीमिल_चाळ:
भाऊ, केन मोठाच आहे, पण 'व्हॅली' पूर्ण बघितलाय का? केनला हरवणारा पिक्चर एवढीच त्याची ओळख करून ठेवलीय सगळ्यांनी. माझे आजोबा मिलमध्ये साच्यावर होते. पगारकपात, संप, संपावरनं बाप-लेकांत भांडणं, मग एकेक पोरगं पोटासाठी घर सोडून लांब जातंय, तिकडं ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतातल्या कोळसा खाणीतलं असलं तरी आपल्या सोलापूरचंच वाटतं ओ. खाणीतनं आलेले बाप आणि पोरं दारात बसलेल्या आईच्या ॲप्रनमध्ये एकेक करून पगार टाकतेत, तेवढ्या एका सीनवर मी ऑस्कर दिलं असतं.

पार्कचौक_नाईटशो:
पिक्चरचं व्हॅलीला दिलं ते मान्य, पण कॅमेऱ्याचं ऑस्कर केनचा कॅमेरामन ग्रेग टोलंडचंच होतं, ते व्हॅलीच्या आर्थर मिलरला गेलं. वरचा बर्फाचा सीन म्हणजे टोलंडचा डीप फोकस, जवळचं लांबचं सगळं शार्प, त्याला वाईड लेन्स, अपर्चर बारीक आणि मग लाईट भरपूर मारावा लागतो. कॅमेरा खाली ठेवला की वर छत दिसणार म्हणून सेटला कापडाची छतं ताणली, माईक त्याच्यावर लपवले. ऑर्सन वेल्सनं तर पडद्यावरच्या दिग्दर्शनाच्या पाटीवर आपल्या नावासोबत टोलंडचं नाव लावलं, असं कोण करतं सांगा.

सातरस्ता_सिनेमा:
@जुनीमिल तो पगाराचा सीन भारीच आहे, त्यात वादच नाही. पण मग दिग्दर्शनाचं तरी? फोर्डला आदल्याच वर्षी 'द ग्रेप्स ऑफ रॅथ'साठी मिळालं होतं, त्याला लागोपाठ दुसरं द्यायची काय गरज होती? पिक्चर घ्या तुम्ही, दिग्दर्शन ऑर्सन वेल्सचंच, तिथं मी कुणाचं ऐकणार नाही.