मदत हवी आहे : गुहागरला कॅम्पर व्हॅनमध्ये रात्री थांबायला परवानगी कोणाची लागते?

नमस्कार मंडळी. आम्ही नागपूरचे. दिवाळीनंतर आईबाबांना घेऊन समृद्धीने निघून पुढे गुहागरला जायचं आहे, स्वतःच्या व्हॅनने. गाडीत झोपायची सोय, शेगडी, संडास, सांडपाण्याची वेगळी टाकी सगळं आहे. आरसीवर मोटर कॅराव्हॅन अशी नोंदही आहे.

गेल्या वर्षी एका किनाऱ्यावर रात्री दोन वाजता काचेवर काठी वाजली. "इथे थांबता येणार नाही, गाडी काढा." आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. तिला झोपेतून उठवून, उशी पायाखाली देऊन पुढच्या सीटवर बसवलं आणि अंधारात घाट चढलो. तिच्यावर ती वेळ पुन्हा आणायची नाही.

राज्याचं २०२१ चं कॅराव्हॅन धोरण वाचलं, त्यात कॅराव्हॅन पार्कबद्दल आहे. पण साध्या पार्किंगमध्ये एकच रात्र काढायची तर अर्ज नगरपंचायतीला करायचा, की पोलीस ठाण्यात कळवलं की झालं? लेखी काही मिळतं का? आणि संडासाची टाकी कुठे रिकामी करता? वाळूत काहीही सोडणार नाही, गाडीही वाळूवर नेणार नाही.

कोणाच्या वाडीत पैसे देऊन जागा आणि एक प्लग पॉइंट मिळत असेल तर उत्तमच. स्वतः राहून आलेल्यांनी कृपया सांगा.