डेनालीला आई-बाबांना न्यायचंय: जून की ऑगस्ट?

फोंडेकर: नमस्कार मंडळी. भाऊ सिएटलला असतो, पुढच्या वर्षी आई-बाबांना घेऊन त्याच्याकडे जातोय. तिथून अलास्कातलं डेनाली राष्ट्रीय उद्यान करायचा विचार आहे. बाबांनी गोव्यातलं मोले, खोतीगावचं रान पायी पालथं घातलंय, पण आता गुडघे साथ देत नाहीत. गाडीत बसून प्राणी दिसतात का? आणि कधी जावं?

सत्तरीकर: बिनधास्त न्या! बोटीवरचं कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर मी अँकरेजहून रेल्वेनं गेलो होतो, आठेक तास लागतात. उन्हाळ्यात खासगी गाडी 24 किलोमीटरपर्यंतच सोडतात, पुढे उद्यानाची बस. ते बरंच आहे, बाबांना मान वर करून बघत बसता येईल. आपल्या रानात गवा दहा हातांवर असला तरी झाडीत कळत नाही. तिथे बस थोडी वर चढली की झाडंच संपतात, समोरची अख्खी डोंगरउतरण उघडी. कुणी "थांबा" म्हटलं की ड्रायव्हर थांबतो.

माझं मत ऑगस्टअखेर. डास कमी झालेले असतात, टुंड्रा, म्हणजे झाडं नसलेलं खुरट्या झुडपांचं माळरान, लालभडक होतो. मी पाहिलेलं ग्रिझली अस्वल डोकं वर न काढता ओठांनी झुडपावरची ब्लूबेरी ओरबाडत होतं, बसकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कॅरिबू (रेनडिअर) नरांच्या शिंगांवरची मखमली कातडी तेव्हाच सुटते, रक्ताळलेल्या चिंध्या डोळ्यांवर लोंबत असतात. हे बघायला मी परत जाईन.

6190 मीटरचं शिखर मात्र बहुतेक वेळा ढगात असतं, त्याच्यावर आस लावू नका. बसमध्ये खायला मिळत नाही, डबा-पाणी न्या. दुर्बीण हवीच.

मिरामार: एक भर घालतो. 2021 च्या ऑगस्टमध्ये प्रिटी रॉक्स या जागी दरड सरकल्यामुळे उद्यानाचा रस्ता 69व्या किलोमीटरपासून पुढे बंद झाला. जमिनीतला बर्फ वितळल्यामुळे तिथला उतारच खाली सरकतोय. तिथे पुलाचं काम काढलंय. बस कुठवर जाते ते बघूनच तिकीट काढा. आईसाठी जाड स्वेटर घ्या, ऑगस्टमध्येही हिम पडू शकतं.

फोंडेकर: देव बरें करूं! बाबा आत्ताच दुर्बीण पुसायला बसलेत. आईचा प्रश्न: रात्री अंधार पडतो ना? तिला उजेडात झोप येत नाही.

सत्तरीकर: जूनमध्ये मध्यरात्रीही उजेड असतो, ऑगस्टअखेरीस नीट काळोख पडतो. आभाळ मोकळं असलं तर उत्तरध्रुवीय प्रकाशही दिसतो, तेवढ्यासाठी आईला उठवा.