लहान मुलांची उन्हाळ्याची सुट्टी: घरात आणि घराजवळ साधे आनंद कोणते?

घणसोलीची आई

नमस्कार. आम्ही घणसोलीत दोन खोल्यांच्या घरात राहतो. मुलगी सात वर्षांची आहे आणि मुलगा साडेचार वर्षांचा. शाळा आता थेट जूनच्या मध्यावर उघडेल. गेल्या वर्षी दोघांना जवळच्याच एका शिबिरात घातले होते; तिथे दर तासाला नवा उपक्रम असे आणि मुले घरी येत ती दमलेली, चिडचिडी होऊन. म्हणून यंदा शिबिर नको, असे आम्ही दोघांनी ठरवले आहे. मी सकाळी साडेसात ते अकरा घरूनच काम करते, यजमान संध्याकाळी सहाला परततात आणि सासूबाई महिनाभरासाठी गावाहून आल्या आहेत.

माझे लहानपण संगमेश्वरजवळच्या खेड्यात गेले. तिथे मे महिन्यात आम्हाला कोणी काही शिकवले नाही, तरी सकाळी उठल्याबरोबर आज काय करायचे याची ओढ असायची. करवंदांच्या जाळीत हात ओरबाडून घ्यायचे, फणस फोडताना हातांना तेल चोळायचे, अंगणात खाटेवर झोपायचे, हे सारे आपोआप घडत असे. इथे अंगण नाही, परसू नाही आणि अकरा ते पाच बाहेर पडण्यासारखे ऊनही नसते. आपल्या ठाणे-नवी मुंबईच्या इमारतींत राहून, फारसा खर्च न करता, मुलांना पुढे आठवत राहील असे तुम्ही काय करता? जागांची नुसती नावे नकोत. तुमच्या घरात प्रत्यक्ष काय घडते ते वाचायला आवडेल.

नौपाड्याच्या आजी

ताई, तुमच्या प्रश्नात संगमेश्वर आले म्हणून आधी आंब्याचेच सांगते. दर वर्षी मी हापूसची एक पेटी कच्ची मागवते. पिकलेली पेटी चार दिवसांत संपते. कच्च्या पेटीची मात्र आमच्याकडे पलंगाखाली अढी लागते. खाली पेंढा, त्यावर आंबे एकमेकांना टेकणार नाहीत असे मांडायचे, वर पुन्हा पेंढा आणि सगळ्यांत वर एक जुने सुती लुगडे. आठ-दहा दिवस ही अढी दोन्ही नातवंडांच्या ताब्यात असते. रोज दुपारी जेवणानंतर दोघे पोटावर झोपून पलंगाखाली सरकतात, एकेक आंबा उचलून देठाजवळ नाक नेतात आणि मला ओरडून सांगतात, "आजी, हा अजून झाडाचाच वास देतोय!" अंगठ्याने दाबून पाहायचे नाही, एवढा एकच नियम आहे, कारण दाबलेला आंबा तिथेच डागाळतो. पहिला आंबा ज्याला सापडेल, त्याच्या हस्ते तो देवापुढे ठेवला जातो आणि मगच चिरला जातो. धाकटा सहा वर्षांचा आहे, पण आंबा पिकला की नाही हे तो आता माझ्याआधी ओळखतो.

खाऊन झाल्यावर कोय टाकू देऊ नका. आंब्याची कोय वाळली की रुजत नाही, म्हणून धुऊन लगेच कुंडीत लावायची. आमच्या गॅलरीत दोन रोपे आहेत. त्यांची नवी पालवी तांबूस निघते आणि मग हिरवी होते, हे मुलांनी स्वतःच पाहिले.

तुमच्या सासूबाई आल्या आहेत, ही मोठीच जमेची बाजू आहे. त्यांच्याकडून सागरगोटे शिकून घ्यायला सांगा, पत्त्यांत भिकार-सावकार शिकायला सांगा. दुपारचे तीन तास कसे गेले ते कळणार नाही. आणि एक दिवस मुलांना घेऊन ट्रान्स-हार्बरच्या गाडीने ठाण्याला जरूर या. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ज्या ठाण्याला आली, तिथेच आपण आता उतरतो आहोत, हे फलाटावर उभे राहून सांगितले की मुले डोळे मोठे करतात. मग संध्याकाळी तलावपाळी, तिथल्या मासुंदा तलावात नावेची एक फेरी आणि कोपिनेश्वराचे दर्शन. एवढ्यात दिवस भरून जातो.

नेरूळचा बाबा

आजींनी घरातले सांगितले, मी बाहेरचे एकच सांगतो, कारण ते आमच्या घरी खरोखर वेडासारखे चालते. रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, मे अखेरपर्यंत आपल्या खाडीत असतात. ओहोटीला चिखल उघडा पडतो तेव्हा ते खाडीत चरतात. भरतीला चिखल पाण्याखाली गेला की त्यांतले अनेक थवे नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळ जागांवर येऊन उभे राहतात. त्यामुळे वेळ चुकली तर नुसते पाणी पाहून परतावे लागते. पहिल्या वर्षी आमचे तीनदा तसे झाले आणि मुलगी रडवेली झाली.

मग माझ्या वडिलांनी तिला कोकणातला जुना हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास. द्वादशीला बाराची पाऊणपट नऊ. भरती दिवसातून दोनदा येते, म्हणून सकाळचे नऊही आणि रात्रीचे नऊही. हिशेब ढोबळ आहे, थोडे मागेपुढे होते, पण आमच्या कामापुरता पुरतो. उन्हाचा विचार करता एकादशी-द्वादशीची सकाळ आम्हाला सोयीची पडते. मुलगी आठ वर्षांची आहे. ती स्वतः भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी शोधते, पाऊणपट करते आणि त्या तारखेला पेन्सिलीने गोल काढते. गुणाकाराची तिला शाळेत भीती वाटत असे. पाऊणकी मात्र तिने पक्ष्यांसाठी आठवडाभरात पाठ केली.

आम्ही सातलाच निघतो. टोपी, पाण्याची बाटली आणि डब्यात दडपे पोहे. काठावर बसायचे आणि बोलायचे हळू. एका पायावर उभा राहून झोपलेला पक्षी पाय कधी बदलतो, हे पाहण्यात माझ्या पाच वर्षांच्या मुलाने एकदा वीस मिनिटे घालवली. काही पक्षी गुलाबी आणि काही करडे-पांढरे का, असे त्याने विचारले. करडी ती पिल्ले असतात आणि पाण्यातल्या शेवाळासारख्या सूक्ष्म अन्नातून त्यांना पुढे रंग चढतो, हे कळल्यावर त्याने घरी येऊन बीट मागितले. ठाणे खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ साली ती रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. आपल्या दाराशी एवढे मोठे काही आहे, हे मुलांना माहीत असायला हवे असे मला मनापासून वाटते. फक्त चिखलात उतरू देऊ नका. वरून घट्ट दिसतो, पण पाय आत जातो.

वर्तकनगर

दोन्ही उत्तरे सुरेख आहेत, पण एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. मुलांसाठी म्हणून काही वेगळे करण्यापेक्षा घरचे काम त्यांच्या हातात द्यावे. आमच्याकडे एप्रिलमध्ये साबुदाण्याच्या पापड्या होतात. एक वाटी साबुदाणा रात्री भिजत घालायचा, सकाळी साधारण पाच वाट्या पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, मीठ-जिरे घालायचे. पातेल्याजवळ मोठ्यांनीच थांबावे. मिश्रण कोमट झाले की मात्र प्लॅस्टिकच्या कागदावर चमच्याने पापड्या घालण्याचे काम पूर्णपणे मुलांचे. आकार वेडेवाकडे होतात, होऊ द्यावेत. आमच्या लहानपणी गच्चीवर कावळ्यांची राखण करावी लागे, आता कबुतरांची करावी लागते. पाळी लावून सावलीत बसलेली मुले अर्धवट वाळलेल्या चिवट पापड्या सोलून खातात. तळलेल्या पापडीपेक्षा ती चव त्यांना जास्त आवडते आणि त्यासाठी मी वीसेक पापड्या मुद्दामच जास्त घालते.

गच्चीचाच आणखी एक आनंद: मेच्या पंधरा-सोळा तारखेच्या सुमारास आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो. सूर्य बरोबर डोक्यावर आला की दुपारी साडेबारानंतर चार-पाच मिनिटांनी सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या तळाशीच नाहीशी होते. जुलैच्या अखेरीस तो दिवस पुन्हा येतो, पण तेव्हा ढग असतात. आम्ही स्टीलचा उभा डबा ठेवतो आणि त्याची सावली खडूने दर पाच मिनिटांनी आखतो. दहा-पंधरा मिनिटांचेच काम आहे, तेवढे ऊन सोसते. खाली आल्यावर पन्हे तयार असावे.

घणसोलीची आई

आपण सर्वांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. पाच दिवसांनी लिहिते आहे, कारण त्यांतले काही करूनच लिहावे असे वाटले. गावाहून भाऊ येणार होता, त्याच्याबरोबर अर्धी पेटी कच्चे आंबे मागवले. पेंढा मिळाला नाही, म्हणून सासूबाईंनी फळवाल्याकडून पेटीतले गवत मागून आणले. अढी शिवणाच्या यंत्राखाली लावली आहे. रोज सकाळी मी कामाला बसते तेव्हा दोघे तिथे आडवे झालेले असतात आणि मला त्यांचे पाय तेवढे दिसतात.

बाबांनी सांगितलेली पाऊणपट मुलीला अजून जमत नाही, म्हणून सासूबाई तिला शेंगदाणे मांडून शिकवत आहेत: बारा दाणे, त्यांचे चार सारखे वाटे, त्यांतला एक खाऊन टाकायचा आणि उरलेले मोजायचे. येत्या द्वादशीला सकाळी नेरूळला जायचे ठरले आहे. एक विचारायचे राहिले: साडेचार वर्षांच्या मुलाला दुर्बीण नीट धरता येते का, की त्याच्यासाठी नुसत्या डोळ्यांनी दिसतील इतके पक्षी जवळ असतात?

नेरूळचा बाबा

ताई, दुर्बीण नको. त्या वयात ती डोळ्यांवर स्थिर राहत नाही आणि मूल कंटाळते. भरतीला थवा काठापासून बराच जवळ असतो, नुसत्या डोळ्यांनी पाय मोजता येतात. शेंगदाणे मात्र सोबत घ्या.