बड्याचं मटण घेणाऱ्यांनी जनावर कसं आलं ते विचारायला हवं की नको?

भुसावळचा केटरर:
लग्नाच्या ऑर्डरीत बड्याचं मटण सांगणारी गिऱ्हाइकं माझ्याकडे बरीच येतात. बडं म्हणजे म्हशीचं. गाईंची कत्तल राज्यात आधीपासूनच बंद होती, २०१५ पासून बैलांचीही बंद आहे, म्हशीला दाखल्यावर परवानगी आहे, तेव्हा तो वाद इथे नको.

गेल्या मे महिन्यात एका लग्नाचं मटण आलं. हात लावला तर चिकट, रंग काळपट जांभळा. पहाटे कापलेलं, अकराच्या आत वास मारायला लागलं. वस्ताद म्हणाला, "हे दमवून कापलंय." बरोबर होतं त्याचं. उपाशी, घाबरलेल्या जनावराच्या अंगातली साखर आधीच संपलेली असते, म्हणून कापल्यावर मांसात आम्ल धरत नाही आणि ते टिकत नाही. आपल्याकडच्या उन्हात तर नाहीच.

चौकशी केली. एका गाडीत अकरा म्हशी आल्या होत्या. १९७८ च्या वाहतूक नियमांत ट्रकला सहाच्या वर जनावरं भरता येत नाहीत. नंतर एकदा मी स्वतः गाडी उतरताना पाहिली. एका म्हशीची शेपूट मधेच गाठीसारखी सुजलेली. बसली की पिरगाळून उठवायचं, त्याची ती खूण. त्या दिवसापासून बाजाराची पावती, डॉक्टरचा दाखला आणि गाडीतली संख्या कळल्याशिवाय मी माल घेत नाही. ढाबेवाल्यांनीही घेऊ नये, असं माझं मत आहे.

यावलचा दूधवाला:
भाऊ, म्हैस भाकड व्हयनी म्हंजे तिले कोन पोसस? कडबा काय भाव झालाय ते बघा. तुम्ही कागद मागितले की व्यापारी तो खर्च आमच्याच भावातून कापणार. दावणीला उपाशी मेलेली म्हैस कुठल्या नियमात बसते?

भुसावळचा केटरर:
दादा, विकू नका असं मी म्हणतच नाही. ती बाजारातून निघाल्यावर पुढचे दहा-बारा तास कसे जातात, तेवढंच विचारतोय. आणि वाढीव खर्च तुमच्या माथी नको, हे मान्य. माझ्या ताटाचा दर मी वाढवलाय.

अमळनेरहून एक ताई:
मला हे सगळं स्वतःच्या समाधानासाठी चाललंय असं वाटतं. सहा नेल्या काय, अकरा नेल्या काय, शेवटी सुरीच. आमच्या घरी म्हैस म्हातारी झाली तरी गोठ्यातच गेली. ज्याला तिची शेपूट बघवत नाही त्याने हा धंदाच सोडावा.

भुसावळचा केटरर:
ताई, तुमच्या गोठ्याला नमस्कार. पण मी सोडलं तर दुसरा देईल, आणि त्या म्हशी अकराच्या अकराच येतील. शेवट सुरी असला तरी त्याआधीची तहान खरी असते.

धुळ्याचा मटण विक्रेता:
आमचीही बाजू ऐका. २००१ चे कत्तलखान्याचे नियम मला पाठ आहेत: कापण्याआधी चोवीस तास विसावा, गाभण नको, तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू असलेली नको, एकासमोर दुसरं कापायचं नाही. चोवीस तास उभं करायला सावली आणि पाणी लागतं. आमच्याकडे पत्र्याची एक शेड आहे. डॉक्टर येतो तेव्हा शिक्का मारतो. आणि तुमच्यासारखा विचारणारा एक, "किलोमागे दहा कमी कर" म्हणणारे पन्नास. एकट्या दुकानदाराने किती सोसायचं?

भुसावळचा केटरर:
हे मात्र मला लागलं. मी कागद मागत बसलो आणि हौदाचं विचारलंच नाही. तुमच्या शेडजवळ नळ आहे का? आम्ही चार-पाच केटरर मिळून पाण्याचा हौद आणि वर हिरवं जाळीचं कापड, एवढं करू शकतो. आठवड्याची ऑर्डर दोन दिवस आधी देऊ, म्हणजे जनावर आदल्या दिवशीच आणता येईल. दर तुम्ही सांगा, घासाघीस करणार नाही.

धुळ्याचा मटण विक्रेता:
नळ आहे, संध्याकाळी तासभर पाणी येतं. हौद मोठा लागेल. रविवारी या, जागा दाखवतो.