मदत हवी आहे: 'फेअर'ला मराठी शब्द (अर्जंट, आज रात्रीपर्यंत)

नाइलाजाने_सेक्रेटरी
'फेअर' या विशेषणाला मराठीत नेमका शब्द काय? 'गोरा' सांगू नका, तेवढं कळतं. नेटवर गोरा, जत्रा आणि न्याय्य यापलीकडे काही मिळत नाही. आज रात्री कागद लावायचा आहे. प्लीज लगेच.

उंबरठा
वाक्य द्या.

ऊसवाला_शिरोळ
रास्त. रेशनचं दुकान म्हणजे रास्त भाव दुकान, ते 'फेअर प्राइस'चंच मराठी. उसाची एफआरपी म्हणजे 'रास्त आणि किफायतशीर दर'. २००९ साली एसएमपी (वैधानिक किमान किंमत) जाऊन ही आली. ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे. किती दिवसांत मिळतात ते विचारू नका, धागा भरकटेल.

शब्दवेडी
रास्त फारसी आहे आणि वाजवी अरबी 'वाजिब'वरून आलाय. न्याय्य लिहा, आपला शब्द आहे.

ऊसवाला_शिरोळ
ताई, 'न्याय्य भाव दुकान' म्हणून बघा एकदा, जीभ अडखळते.

शब्दवेडी
महाराजांनी फारसी शब्दांना पर्याय म्हणून राज्यव्यवहारकोश करवून घेतला होता, तेव्हाही असंच म्हणणारे असतील.

ऊसवाला_शिरोळ
आणि तरी रास्त राहिलाच की.

नाइलाजाने_सेक्रेटरी
अहो, भावाचं काही नाहीये. वाक्यसुद्धा नाही. नुसतं 'कंडिशन: फेअर' लिहिलंय.

उंबरठा
कोणाची कंडिशन? माणूस, गाडी, पुस्तक?

परदेशी_परिचारिका
पेशंट असेल तर घाबरू नका. इथे अमेरिकेत हॉस्पिटलवाले एका शब्दात तब्येत सांगतात: गुड, फेअर, सीरियस, क्रिटिकल. फेअर म्हणजे माणूस शुद्धीवर आहे, नाडी-रक्तदाब जागेवर आहेत, फक्त जरा त्रास होतोय. 'प्रकृती स्थिर' लिहा. लवकर बरं वाटू दे त्यांना.

रद्दीतलं_सोनं
पुस्तक असेल तर मात्र घेऊ नका! जुन्या पुस्तकांच्या धंद्यात फाइन, व्हेरी गुड, गुड, फेअर, पुअर अशी उतरंड असते. फेअर म्हणजे मजकुराची पानं पूर्ण आहेत, एवढीच हमी. पुढचं-मागचं कोरं पान नसलं तरी चालतं. मी एकदा 'फेअर'ला भुलून मागवलं, तर पुस्तक सुतळीने बांधून आलं.

उंबरठा
म्हणजे एकीकडे खालून तिसरं आणि दुसरीकडे खालून दुसरं. सेक्रेटरी, तुमच्या कागदावर फेअरच्या वर आणि खाली कोणते शब्द आहेत?

मोगरा७२
लग्नाच्या जाहिरातीत 'फेअर, स्लिम, होमली' असायचं ते आठवलं. त्या क्रीमचं नावसुद्धा २०२०मध्ये फेअरचं ग्लो झालं. जाहिराती बदलल्या का?

शब्दवेडी
मोगरा, गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ सुंदर, सुखद असाच होता. उजळ वर्ण, उघडीप असलेलं हवामान, निष्पक्ष वागणूक, फेअर वही हे सगळं त्यातूनच फुटलं. जत्रेचा फेअर मात्र निराळा, तो लॅटिन 'फेरिया'वरून आलाय. दोघांचं नातं नाही, नुसतं नावसाधर्म्य.

नाइलाजाने_सेक्रेटरी
कोणी आजारी नाही आणि कोणाचं लग्नही नाही! इमारत आहे इमारत. मुलुंडला, १९८८ची. स्ट्रक्चरल ऑडिटचा रिपोर्ट इंग्रजीत आलाय, रविवारी विशेष सभा. पाच पूर्ण दिवस आधी नोटीस लागायला हवी, म्हणजे आजच. ज्येष्ठांनी मराठी गोषवारा मागितलाय. मी 'ठीक' लिहिलं तर दुसरा मजला म्हणणार खर्च कशाला, आणि 'मध्यम' लिहिलं तर चौथा मजला बॅगा भरणार. फेअर एकूण तीन ठिकाणी आलाय.

उंबरठा
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं ना, साहेब.

घरमालक_ठाणे
भाडेकरारात 'फेअर वेअर अँड टेअर' असतं, म्हणजे रोजच्या वापराने होणारी झीज. तिचे पैसे डिपॉझिटमधून कापता येत नाहीत. पण भिंतीत पंधरा खिळे ठोकणं ही झीज नव्हे. माझ्या भाडेकरूने...

उंबरठा
काका, त्यांनी हे विचारलेलं नाही.

स्लॅबखालचा_माणूस
सिव्हिलवाला आहे. तिन्ही जागा शब्दशः टाका.

नाइलाजाने_सेक्रेटरी
१) ओव्हरऑल कंडिशन फेअर.
२) रिबाउंड हॅमरच्या तक्त्यात कॉलम (म्हणजे खांब) सी-७ समोर २४, फेअर.
३) जिन्यामागची भिंत फेअर फेस्ड.

स्लॅबखालचा_माणूस
तीन वेगळे अर्थ आहेत, एकच शब्द तिन्हीकडे लावू नका.
तिसरं आधी. फेअर फेस्ड म्हणजे प्लास्टर न करता तसाच ठेवलेला नीट पृष्ठभाग. 'विनाप्लास्टर' लिहा. भिंतीच्या तब्येतीशी त्याचा संबंध नाही.
दुसरं. हॅमर काँक्रीटवर आपटून किती उसळतो तो आकडा. नेहमीच्या तक्त्यात ४०च्या वर खूप चांगला, कठीण थर, ३० ते ४० चांगला, २० ते ३० फेअर, २०च्या खाली पुअर. म्हणजे तुमचा २४ शेवटून दुसऱ्या पायरीवर आहे. 'सुमार' हा शब्द इथे चपखल बसतो. शिवाय जुन्या इमारतीत हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे काँक्रीटची वरची साल कडक होते आणि हॅमर असतो त्यापेक्षा जास्त आकडा दाखवतो. सी-७ कुठे आहे?

नाइलाजाने_सेक्रेटरी
पाण्याच्या टाकीजवळ.

स्लॅबखालचा_माणूस
वाटलंच.

शब्दवेडी
सुमार नको. सुमार ऐकलं की लोकांना टाकाऊ वाटतं. आणि तोही फारसीच!

रद्दीतलं_सोनं
मग 'साधारण'? शाळेच्या प्रगतिपुस्तकात असायचा तो.

उंबरठा
साधारण वाचून आमचे वडीलही निवांत झोपायचे, मी गणितात गटांगळ्या खात असताना.

स्लॅबखालचा_माणूस
शब्द सोडा हो. आकडा आणि पट्टा दोन्ही लिहा, मग कुठलाही शब्द चालेल. आणि पहिल्या फेअरचं म्हणाल, तर रिपोर्टच्या शेवटी पूर्ण इमारतीची श्रेणी असेल: सी-१, सी-२ए, सी-२बी की सी-३? मुंबईत निर्णय त्यावर होतो, विशेषणावर नाही. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडा, सी-२ए म्हणजे काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती, सी-२बी म्हणजे राहत्या घरात स्ट्रक्चरल दुरुस्ती, सी-३ किरकोळ.

नाइलाजाने_सेक्रेटरी
शेवटचं पान आत्ता उघडलं. सी-२बी आहे.

स्लॅबखालचा_माणूस
मग चौथ्या मजल्याने बॅगा उघडाव्यात, दुसऱ्या मजल्याने चेकबुक.

नाइलाजाने_सेक्रेटरी
नोटीस अशी लावतोय: "इमारतीची स्थिती मध्यम. श्रेणी सी-२बी: घरं रिकामी करण्याची गरज नाही, मात्र स्ट्रक्चरल दुरुस्ती आवश्यक. टाकीजवळील कॉलम सी-७ची हॅमर चाचणी २४ (२० ते ३० या गटात, चांगल्या गटाच्या खाली)." झेरॉक्सवाला नऊला बंद करतो, पळतो. आभार.

ऊसवाला_शिरोळ
दुरुस्तीचं कोटेशन तरी रास्त घ्या.

घरमालक_ठाणे
पंधरा खिळ्यांचं कोणी सांगेल का?